टूलचं वर्णन: एका ओळीत की सविस्तर?

एजंटला (स्वतः पायऱ्या ठरवून काम करणाऱ्या AI मॉडेलला) दिलेल्या टूलचं, म्हणजे त्याला वापरता येणाऱ्या फंक्शनचं, वर्णन एका ओळीत उरकावं की सविस्तर लिहावं, असं एकाने विचारलं.

खर्चात एक ओळ जिंकते. वर्णनाचे टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर खर्च ठरतो) प्रत्येक विनंतीत मोजले जातात.

खरी गोम अचूक निवडीत आहे. ‘ऑर्डर शोधा’ आणि ‘ऑर्डर तपासा’ शेजारी असली की मॉडेल अंदाजपंचे एक उचलतं. त्याऐवजी ‘ऑर्डर तपासा’च्या वर्णनात ‘ऑर्डर क्रमांक हाती असेल तरच वापरा, नसेल तर आधी ईमेलवरून शोधा, काही न सापडल्यास रिकामी यादी येते’ असं लिहा. (कधी वापरू नये, हे बहुतेक जण लिहीतच नाहीत.)

देखभाल मात्र सविस्तर वर्णनाला जास्त. कोड बदलला, वर्णन तसंच राहिलं, की एजंट चुकू शकतो.

टूल्स दोन-चार आणि नावं बोलकी असतील तर एक ओळ पुरे. सारखी दिसणारी टूल्स, किंवा पैसे परत करणारं, डेटा पुसणारं टूल असेल तर सविस्तरच.