अर्ध्या सावलीतली अबोली: वर्षभराचा अनुभव

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या मागे असते तशी आमची मातीची पट्टी आहे. एका बाजूला भिंत, दुसरीकडे कंपाउंड आणि वर आंबा. ऊन येतं ते सकाळी दोन-तीन तास. मोगरा इथे जगतो, पण फुलायचं मनावर घेत नाही. गेल्या मे महिन्यात तिथे अबोली लावली. तेव्हापासून थंडीतले काही आठवडे फूल कमी झालं, एवढंच. बाकी वर्षभर झाडावर तुरे आहेत.

सावली मात्र कोणती, ते बघा. आंब्याखाली, जिथे पानांतून कवडसे पडतात, तिथली रोपं गुडघ्याएवढी, दाट आणि भरपूर फुलणारी झाली. भिंतीला लागून ठेवलेली उंच, किडकिडीत वाढली आणि तुरे मोजकेच आले. अबोलीला अर्धी सावली मानवते, अंधार नाही. उलट भर दुपारच्या उन्हात पानं मलूल होतात, म्हणून कुंडी पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये.

ठाण्याच्या पावसात तिचा खरा शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. मुळं कुजली की उभं झाड एकाएकी माना टाकतं. म्हणून वाफा वीतभर उंच करून तळाशी विटांचे तुकडे घातले, लाल मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. निंबोळी पेंडही घालाच, कारण अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचा (मातीतल्या अगदी बारीक जंतांचा) त्रास लवकर होतो आणि वरून तो कळत नाही. पानांमागे पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला तर नीमतेलाची फवारणी पुरते.

छाटणी सोपी आहे, पण नेमाने करावी लागते. तुऱ्यावरची फुलं खालून वर उमलत जातात, आणि संपल्यावर हिरवा तुरा तसाच उभा राहतो. तो कापला की खालच्या पानांच्या बेचक्यांतून नवे फुटतात. बी हवं असेल तर एखादा तुरा झाडावरच वाळू द्या. पावसाचे थेंब पडले की त्यातली बोंडं तडतडून फुटतात, बिया हातभर लांब उडतात आणि रोपं भलतीकडेच उगवतात. मला हे फार आवडतं. नर्सरीत ‘दिल्ली’ म्हणून मिळणारी गडद केशरी अबोली मात्र बी धरत नाही, ती फांदीपासूनच लावावी लागते.

वास नाही, ही एकच उणीव. पण फूल वजनाला हलकं आणि तोडल्यावरही बराच वेळ टिकतं. सासूबाई मालवणकडच्या, त्या वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, करतात. सणावाराला जांभळी नाक्याच्या बाजारात अबोली महाग होते, तेव्हा घरची फुलं पुरतात. कमी उन्हाची जागा असलेल्यांनी जूनच्या पहिल्या पावसानंतर, माती मऊ असताना दोन रोपं लावावीत. फक्त खड्डा पाणी धरणारा नाही, हे आधी बादलीभर पाणी ओतून तपासावं.