किलिकिया आणि काराबाख: परदेशस्थ आर्मेनियनांच्या दोन मायभूमी
बैरुतलगतच्या बुर्ज हम्मूदमधील नोर मराश, नोर अदाना, नोर सिस ही वस्त्यांची नावे म्हणजे ओटोमन साम्राज्यातील १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्या, आणि १९२१ मध्ये फ्रेंच फौजा माघारी फिरल्यावर किलिकिया (आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेतील प्रदेश) कायमची सोडलेल्या कुटुंबांची मूळ गावेच होत. ‘नोर’ म्हणजे नवे. किलिकियाची ही ओढ वंशपरंपरेने आलेली आहे.

काराबाखचे, म्हणजे अझरबैजानमधील पूर्वी आर्मेनियनबहुल असलेल्या डोंगराळ प्रदेशाचे, तसे नाही. परदेशस्थांपैकी बहुतेकांचे पूर्वज तिथले नव्हते, तरीही त्यांच्या देणग्यांतून आर्मेनियातील गोरिस ते काराबाखमधील मुख्य शहर स्तेपानाकेर्त हा रस्ता उभा राहिला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने तो प्रदेश ताब्यात घेतल्यावर लाखाहून अधिक आर्मेनियनांनी काराबाख सोडले, तेव्हा दूरदेशीही घरचेच सुतक पाळल्यासारखे झाले. माझ्या मते ही ओढ अधिक राजकीय, म्हणूनच हा पराभव पचवणे अधिक अवघड आहे.