स्टॅड प्रोमध्ये एकाच फाइलमधून दोन स्टिफनेस : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा आणि गंगापूर रोड परिसरातील ५० मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींची कामे आमच्या कार्यालयात येऊ लागली, तेव्हापासून आयएस १६७०० (उंच काँक्रीट इमारतींच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक, पहिली आवृत्ती २०१७ ची) आम्हाला रोज उघडावे लागते. भेगा पडलेल्या काँक्रीटचा स्टिफनेस, म्हणजे ताठपणा, किती धरावा, याचे दोन वेगळे संच त्यात दिले आहेत. फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवलेल्या) लोडखाली, म्हणजे स्ट्रेंग्थ तपासताना, बीमचा मोमेंट ऑफ इनर्शिया (छेदाचा वाकण्याला होणारा विरोध दाखवणारा आकडा) मूळ छेदाच्या ०.३५ पट, कॉलम व शिअर वॉलचा (आडवा भार घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीचा) ०.७ पट आणि स्लॅबचा ०.२५ पट धरायचा असतो. अनफॅक्टर्ड लोडखाली, म्हणजे सर्व्हिस तपासताना, हेच गुणक अनुक्रमे ०.७, ०.९ आणि ०.३५ होतात. छेदाचे क्षेत्रफळ मात्र दोन्ही वेळा पूर्ण धरले जाते. रोजच्या भाराखाली काँक्रीटला भेगा कमी पडतात, म्हणून स्वे (इमारतीचे आडवे सरकणे) आणि डिफ्लेक्शन (बीम-स्लॅबचा झोक) तपासताना इमारत अधिक ताठ मानणे योग्यच आहे.

हे दोन संच सांभाळण्यासाठी मॉडेलच्या दोन फाइल ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. आर्किटेक्टने लिफ्टचा डक्ट थोडा सरकवला किंवा टॉयलेटचा संक (खाली उतरवलेला) स्लॅब बदलला, की तो बदल दोन्ही फाइलमध्ये करावा लागतो, आणि काम घाईचे असले की दोन फाइल हळूहळू दोन वेगळ्या इमारती होऊन बसतात. त्यामुळे आम्ही स्टॅड प्रो या इमारतींच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील ‘चेंज’ या कमांडचा आधार घेतला. पहिल्या संचाचे गुणक आणि लोड लिहायचे, ‘परफॉर्म अ‍ॅनालिसिस’ द्यायचे, त्यानंतर ‘चेंज’ लिहून दुसऱ्या संचाचे गुणक व लोड द्यायचे आणि पुन्हा अ‍ॅनालिसिस करायचे, असा फाइलचा क्रम असतो. एकूण प्रायमरी (मूळ, स्वतंत्रपणे सोडवायचे) लोड किती, हे वर ‘सेट एनएल’मध्ये आधीच सांगावे लागते. गुणक प्रत्येक अ‍ॅनालिसिसपूर्वी नव्याने आणि पूर्ण लिहावेत, मागचे चालू राहतील असे गृहीत धरू नये.

सर्वांत जास्त जपण्याची जागा लोड कॉम्बिनेशनची आहे. ‘लोड कॉम्बिनेशन’ ही कमांड आधी सोडवलेल्या लोडच्या उत्तरांची केवळ बैजिक बेरीज करते. ती उत्तरे कोणत्या स्टिफनेसवर काढली आहेत, याच्याशी तिचा संबंध नसतो. म्हणजे ०.३५ च्या बीमवर सोडवलेला डेड लोड आणि ०.७ च्या बीमवर सोडवलेला वारा एकाच १.२ च्या कॉम्बिनेशनमध्ये लिहिले, तरी आकडा मिळतो आणि तो दिसायलाही रास्त वाटतो, परंतु तशी कोणतीही इमारत अस्तित्वात नसते. यावर आम्ही दोन नियम ठरवले आहेत. स्ट्रेंग्थचे सर्व लोड १ पासून आणि सर्व्हिसचे सर्व लोड १०१ पासून सुरू होतात, त्यामुळे एका कॉम्बिनेशनमध्ये एक अंकी आणि तीन अंकी क्रमांक एकत्र दिसले की डोळा तिथेच थांबतो. शिवाय, पी-डेल्टा (इमारत झुकल्यामुळे उभ्या भाराचा होणारा जादा परिणाम) असलेल्या प्रत्येक कामात आम्ही ‘रिपीट लोड’ वापरतो, कारण ती कमांड भारांची बेरीज करून नवा लोड तयार करते आणि तो त्या वेळच्या स्टिफनेसवर स्वतंत्रपणे सोडवला जातो. ‘डिझाइन’च्या आधी ‘लोड लिस्ट’ देऊन फक्त स्ट्रेंग्थचे लोड निवडणे हेही तितकेच आवश्यक आहे.

नवीन अभियंत्यांना एक सोपी वाट दिसते. मोमेंट ऑफ इनर्शियाला हात न लावता मटेरियलचा ‘ई’च (लवचिकता गुणांक) कमी करायचा, म्हणजे एका ओळीत काम होते. पण ‘ई’ कमी केला की कॉलमचा अक्षीय स्टिफनेसही त्याच प्रमाणात घटतो. मग उंच इमारतीत कोपऱ्याचा कॉलम आणि शेजारची शिअर वॉल यांच्या आखडण्यातील फरक खोटा वाढतो आणि वरच्या मजल्यांच्या बीममध्ये नसलेले मोमेंट दिसू लागतात. ‘ई’ बदलणे जिथे खरोखर योग्य आहे ती जागा क्रीपची, म्हणजे कायमच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू दबत जाण्याची. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकानुसार एम३० प्रतीच्या काँक्रीटचा ‘ई’ ५०००√३० म्हणजे सुमारे २७,३८६ न्यूटन प्रति चौ. मिमी येतो. २८ दिवसांनी भार आल्यास क्रीप गुणांक १.६ असतो, त्यामुळे दीर्घकालीन ‘ई’ सुमारे १०,५३३ एवढाच उरतो. स्लॅब-बीमच्या दीर्घकालीन डिफ्लेक्शनसाठी हा तिसरा संच ‘चेंज’नेच जोडता येतो, मात्र वाऱ्याचा लोड त्यात कधीही घालू नये, कारण वारा क्षणिक असतो.

बदल खरोखर लागू झाला का, हे पाहण्यासाठी मी मॉडेलच्या बाहेर एक सुटा, दोन्ही टोकांना साधा टेकलेला बीम ठेवतो : २३० × ६०० मिमी छेद, ६ मीटर स्पॅन, २० किलोन्यूटन प्रति मीटर भार. हाताने काढल्यास पूर्ण छेदाचे डिफ्लेक्शन सुमारे ३ मिमी, ०.३५ वर ८.५ मिमी आणि ०.७ वर ४.२५ मिमी येते. आउटपुटमध्ये हे आकडे जुळले नाहीत, तर पुढचे काही वाचण्यात अर्थ नाही. संपूर्ण इमारतीच्या स्वेमध्ये मात्र दुप्पट फरक दिसणार नाही, कारण कॉलमचा गुणक फक्त ०.७ वरून ०.९ वर जातो आणि अक्षीय भाग बदलतच नाही. तरीही ५४ मीटर उंचीला एच/५०० (एकूण उंची भागिले ५००) ची मर्यादा १०८ मिमी असते, आणि नाशिकच्या ३९ मीटर प्रति सेकंद मूळ वाऱ्यालाही सडपातळ टॉवर या मर्यादेच्या आसपास आला, तर कोणता संच वापरला यावरच कॉलमचा आकार ठरतो.

भूकंपाच्या ड्रिफ्टसाठी (एका मजल्याच्या सापेक्ष आडव्या सरकण्यासाठी) मी सर्व्हिसचा संच वापरत नाही. आयएस १८९३ : २०१६ या भूकंपाच्या मानकात ०.००४ एच (इथे एच म्हणजे मजल्याची उंची) ही मर्यादा १.० च्या लोड फॅक्टरवर तपासायची असली, तरी त्याच मानकात विश्लेषणासाठी बीमला ३५ टक्के आणि कॉलमला ७० टक्के असा एकच संच दिला आहे, आणि भूकंपात इमारतीला भेगा पडणारच, हे धरूनच तो दिलेला आहे. याच २०१६ च्या मानकानुसार नाशिक झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम भूकंप-धोक्याच्या पट्ट्यात आहे, म्हणून ही तपासणी सैल करावी असे मला वाटत नाही.

पार्किंगवर सात मजल्यांच्या नेहमीच्या इमारतीसाठी एवढा खटाटोप लागत नाही. तिथे भूकंपाचा संच सर्वत्र ठेवला, तर स्वेचे उत्तर सुरक्षित बाजूला राहते. उंच कामात मात्र प्रूफ चेकिंगला (दुसऱ्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणीला) फाइल पाठवताना कोणता लोड कोणत्या संचावर सोडवला आहे, याचा तक्ता आम्ही रिपोर्टच्या पहिल्याच पानावर देतो, कारण आउटपुटमधील विस्थापनांची यादी पाहून तपासणाऱ्याला ते सहज कळत नाही.