खडीच्या वाटेसाठी सायकलला ट्यूब की ट्यूबलेस?
दरीतल्या खडीवाटेवर गाड्या नसतात, तशी मदतही नसते. ४० मिमी टायरात ट्यूब असेल तर ७० किलोच्या स्वाराला साधारण ४० पीएसआय हवा लागते. कमी ठेवली की टोकदार दगडावर ट्यूब रिमशी चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा पडतात. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबविना टायर, ३० पीएसआयवरही निभावतं, सुट्या खडीवर पकड स्पष्ट जाणवते. काटा घुसला की टायरात भरलेला सीलंट (भोक बुजवणारा द्रव) फेसाळत बाहेर येतो, चाक थोडं फिरलं की भोक बुजतं. मात्र सीलंट काही महिन्यांत सुकतो. चाक हलवून खळखळ ऐकू येते का बघा.

आमचा कौल ट्यूबलेसलाच. तरी एक ट्यूब सोबत हवीच, कारण टायरची बाजू फाटली तर सीलंट पुरा पडत नाही. ट्यूब घालण्याआधी टायर आतून जपून चाचपा, रुतलेले काटे उपटा.