डेट्रॉइट नदीतला वॉलाय: जिगने गरवायचा की हँडलाइनने?

मिरगाच्या पावसात कोकणातले मासे वहाळातून उलटे चढतात, तसाच अमेरिकेतल्या मिशिगनच्या डेट्रॉइट नदीत एप्रिलमध्ये वॉलाय चढतो. ईरी सरोवरातला हा मासा अंडी घालायला नदीत शिरतो. पाणी 42 ते 50 अंश फॅरनहाइट असतं तेव्हा त्याचा जोर सर्वांत जास्त. नोव्हाय, ट्रॉय किंवा कॅन्टनला राहणाऱ्या मराठी माणसाला ही नदी गाडीने तासाभरावर. बोट मिळाली की प्रश्न उरतो पद्धतीचा. आमचं सांगणं एवढंच, की तो आवडीवर सोडवू नका. पाण्याचा रंग बघा आणि घड्याळ बघा.

वॉलायच्या डोळ्यांत मागे चकाकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्य छान दिसतं. दिवसा तो तळाला चिकटून राहतो, संध्याकाळी कमी खोल पाण्यात येऊन हिंडतो. दोन्ही पद्धतींतला फरक इथूनच सुरू होतो.

दिवसा: जिग

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. डेट्रॉइट नदीत पाव औंसाचा जिग तळाला पोचतच नाही. अर्धा ते एक औंस वजन लागतं आणि सुरुवात पाऊण औंसाने करावी. त्यावर चार इंची प्लास्टिकचा किडा किंवा जिवंत छोटा मासा लावतात. मासा शेपटीकडून खाऊन निसटत असेल, तर मागे एक छोटा जादा गळ बांधतात. काठी सहा-साडेसहा फुटांची, टोकाला लवचीक. दोर दहा पौंडांचा विणलेला, पुढे दोन-तीन फूट पारदर्शक फ्लुरोकार्बन.

सगळी कला दोर उभा ठेवण्यात आहे. बोट प्रवाहाबरोबर वाहू द्यायची आणि नाकावरच्या इलेक्ट्रिक मोटरने तिचा वेग तळाजवळच्या जिगशी जुळवायचा. दोर ज्या दिशेला तिरका जाईल त्या दिशेला बोट न्यायची. नवखे नेमकं उलट करतात, मग जिग तळापासून उचलला जातो आणि ते वजन वाढवत बसतात. जिग सहा ते बारा इंच उचला आणि ताणलेल्या दोरावरच खाली सोडा. मासा बहुतेक वेळा जिग खाली जाताना घेतो. दोर सैल सोडला तर माशाची टकटक हाताला कळणारच नाही.

दक्षिणेचा वारा ही या पद्धतीची मोठी अडचण. नदी दक्षिणेकडे वाहते, वारा समोरून बोट अडवतो, लाटा आखूड आणि उभ्या होतात. मोटरची बॅटरी दुपारपर्यंत संपते. तळाला अडकून जिग तुटत राहतात, म्हणून माणशी वीस तरी जवळ हवेत.

संध्याकाळी: हँडलाइन

खाडीवर हाताने दोर धरून गरवलेल्यांना हे लवकर जमेल. बोटीच्या कडेला स्प्रिंगचं रीळ घट्ट बसवतात. त्यातून प्लास्टिकचं आवरण असलेली तार निघते आणि तारेच्या टोकाला एक ते दीड पौंडाचं शिसं. शिशाच्या वरच्या भागात दोन जागी दोर जोडतात, एक आखूड, एक लांब. लांबीत वीसेक फुटांचा फरक असला तर गुंता कमी होतो. दोरांच्या टोकाला माशाच्या आकाराची तरंगती आमिषं.

इथे बोट प्रवाहाविरुद्ध चढवायची, तीही चालणाऱ्या माणसापेक्षा सावकाश. हाताने तार मागेपुढे करत शिसं दर काही सेकंदांनी तळाला टेकवायचं. ते सतत घासलं तर अडकतं, टेकतच नसेल तर वेग जास्त आहे. मासा लागल्यावर काठी नसते, म्हणून हिसका देऊ नका. तार एकसारखी ओढा, स्प्रिंग ती आपोआप गुंडाळत जाईल. शिसं बोटीत आलं की मग माशाचा दोर हाताने ओढायचा. वळताना मोठा घेर घ्या, नाहीतर दोन्ही बाजूंचे दोर एकमेकांत अडकतात. तारेला एकदा मुरड पडली की ती तिथेच तुटते, तेवढा तुकडा लगेच कापून टाका.

नदीच्या वर असलेलं सेंट क्लेअर सरोवर उथळ आहे. जोराचा वारा झाला की तळ ढवळतो आणि गढूळ पाणी नदीत उतरतं. पाण्यात सोडलेला जिग फूटभर खाली दिसत असेल, तर दिवसा जिगिंग करा. त्याहून थोडं गढूळ असेल तर संध्याकाळची हँडलाइन बरी. पाणी दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर दोन्ही सोडा आणि दोन दिवस थांबा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने, मुलं बरोबर असतील तर नक्कीच, दिवसाच जावं आणि जिगच घ्यावा. एप्रिलच्या पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातापायांतली ताकद काही मिनिटांत जाते, आणि अंधारात त्याला शोधणं आणखी अवघड. लाइफ जॅकेट अंगावरच हवं. मोठी मालवाहू जहाजं वाट वाकडी करू शकत नाहीत, म्हणून त्यांचा मार्ग मोकळा सोडा. रात्री बोटीचे लाल-हिरवे आणि पांढरा असे दिवे आधी तपासून घ्या.

स्वतःची बोट नसेल तर गाइडची घ्या, काठ्या आणि आमिष बहुतेकदा तोच देतो. पण वय 17 किंवा जास्त असेल तर मिशिगनचा परवाना ज्याचा त्याने काढायचा. गाइड हँडलाइन करतो का हे आधीच विचारा, कारण पुष्कळजण फक्त जिगच करतात. नदीच्या मधून कॅनडाची सीमा जाते आणि पलीकडच्या पाण्यात ऑन्टॅरिओचा वेगळा परवाना लागतो.

मिशिगनच्या बाजूला दिवसाला माणशी सहा वॉलाय, प्रत्येक किमान 15 इंच, पण त्या वर्षीची नियमपुस्तिका बघूनच निघा. रवा लावून तळायला 15 ते 18 इंची मासे उत्तम. मिशिगनच्या आरोग्य विभागाचा सल्ला मोठ्या माशांच्या बाबतीत जास्त कडक असतो, कारण पारा आणि पीसीबी नावाची विषारी रसायनं त्यांच्यात वर्षानुवर्षं साठतात. अंड्यांनी पोट फुगलेली मोठी मादी लागली तर ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्या आणि लगेच पाण्यात सोडा.