टीआरपी स्पायर: मुंबईच्या पावसात केबलवर चालणारे डिस्क ब्रेक

रोड बाइक घेताना बजेटमुळे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक परवडत नसतील, तर कॅलिपरचं, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाचं, नाव जरूर वाचा. टीआरपी कंपनीचा स्पायर हा असाच एक केबलवरचा कॅलिपर. बऱ्याच स्वस्त केबल डिस्कमध्ये फक्त बाहेरचा पॅड सरकतो आणि रोटर (चाकासोबत फिरणारी चकती) वाकवून आतल्या पॅडवर दाबतो. स्पायरमध्ये दोन्ही पॅड एकाच वेळी आत येतात, त्यामुळे ब्रेक सरळ लागतो आणि पॅड समान झिजतात. याच बाबतीत स्पायर उजवा.

पावसाळ्यात चिखल-वाळूने रेझिन (राळेने बांधलेले, मऊ) पॅड लवकर संपतात. सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड जास्त टिकतात, थोडा आवाज करतात. जून ते सप्टेंबर तेच लावा. मात्र रोटरवर ‘रेझिन ओन्ली’ लिहिलं असेल तर नाही.

पॅड झिजले की केबल ताणत बसू नका. कॅलिपरचा आर्म (केबल ओढते तो दांडा) आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि जोर कमी होतो. ३ मिमी ॲलन कीने दोन्ही बाजूंचे पॅड थोडेथोडे आत घ्या, चाक मोकळं फिरायला हवं. पॅडवरच्या घासणाऱ्या मसाल्याची जाडी ०.५ मिमीवर आली की पॅड बदला.

खरा कच्चा दुवा केबल. समुद्राची खारी हवा आणि पाण्याने आउटरच्या (केबलच्या बाहेरच्या नळीच्या) आत गंज चढतो, लिव्हर जड होतो. पावसाळा संपताच इनर (आतली तार) आणि आउटर दोन्ही बदला. आउटर कम्प्रेशनलेसच (ओढल्यावर न दबणारं) घ्या, लिव्हरचा लिबलिबीतपणा बराच जातो. चेनला तेल देताना रोटर झाका, स्प्रे तर मागच्या चाकाजवळ नकोच. तेल प्यायलेला पॅड सहसा वाचत नाही.

हायड्रॉलिकइतका हलका स्पर्श इथे मिळणार नाही. घोडबंदरच्या उतारावर बोटांना ते जाणवतं.