क्लाउड तोडलेला रोबोट व्हॅक्यूम: सात महिन्यांनंतर

रस्ता खणताना फायबर तुटली आणि आमच्या सोसायटीचं इंटरनेट दोन दिवस गेलं. ते दोन दिवस रोबोट व्हॅक्यूम डॉकवर नुसता बसून राहिला. फोन आणि रोबोट एकाच राउटरवर, दोघांत जेमतेम सहा फुटांचं अंतर, आणि अ‍ॅप म्हणतंय ‘डिव्हाइस ऑफलाइन’. वरचं बटण दाबलं की अख्खं घर झाडायला निघायचा. पण ‘फक्त स्वयंपाकघर झाड’ एवढं सांगायचं तर हुकूम आधी परदेशातल्या सर्व्हरवर जाणार, तिथून परत आमच्या हॉलमध्ये येणार. पलीकडच्या खोलीतल्या बायकोला हाक मारायला ट्रंक कॉल बुक करावा, तसला प्रकार. कंपनीचं नाव लिहीत नाही. या बाबतीत बहुतेकांची हीच तऱ्हा आहे.

तेव्हाच मनात आलं, उद्या कंपनीने सर्व्हरच बंद केला तर? हे काही उगाच नाही. रोबोट व्हॅक्यूम बनवणारी नीटो कंपनी २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा क्लाउड, म्हणजे रोबोटला हुकूम पोचवणारे सर्व्हर, निदान पाच वर्षं चालू ठेवू असं मालक कंपनी व्होरवेर्कने सांगितलं होतं. २०२५ मध्येच तो गुंडाळला. ज्यांच्याकडे ते रोबोट होते त्यांच्या हातात फक्त बटण उरलं.

म्हणून व्हॅलेटुडो, म्हणजे रोबोटला कंपनीच्या क्लाउडशिवाय चालवणारं सॉफ्टवेअर. हे नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो, माझाही होता. प्रत्यक्षात लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) फिरवणं, नकाशा काढणं, खुर्चीच्या पायाला वळसा घालणं हे सगळं कंपनीचंच मूळ सॉफ्टवेअर करतं. व्हॅलेटुडो रोबोटच्या पोटातच राहतो आणि त्या सॉफ्टवेअरला भासवतो की मीच तुझा क्लाउड. थोडक्यात, तोतया. पानिपतानंतर आलेला भाऊसाहेबांचा तोतया शेवटी पकडला गेला. आमच्याकडचा सात महिने बिनबोभाट राज्य करतोय.

या सगळ्याची वाट डेनिस गीझ आणि डॅनियल वेगेमर या दोन संशोधकांनी उघडली. डिसेंबर २०१७ मध्ये लाइपझिगच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये त्यांनी शाओमीचा रोबोट रूट करून, म्हणजे त्याच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवून, दाखवला होता.

आता शस्त्रक्रिया. माझं मॉडेल यूआर्टवरून, म्हणजे आतल्या बोर्डाला वायरी जोडून सिरियल कनेक्शनने, रूट होणाऱ्यांपैकी आहे. वरच्या झाकणाला स्क्रू नाहीत, नुसत्या खाचा. जुनं डेबिट कार्ड सारून उचकटलं, तेव्हा ‘कट्’ असा आवाज झाला आणि माझ्याआधी बायको दचकली. आत सोळा पिनांचं डीबग पोर्ट (तपासणीसाठीची जोडणी). त्यात पिनांना वायरी लावायची सोय करणारा छोटा ब्रेकआउट बोर्ड आणि त्याला ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर (५ व्होल्टचा लावू नका, बोर्ड जाईल). लॅपटॉपवर काहीच उमटेना. टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) या वायरी उलट्या लावल्या होत्या. त्या बदलल्यावर अक्षरं धावायला लागली आणि खाली लॉगिन मागत कर्सर लुकलुकू लागला. रूटचा पासवर्ड सिरियल नंबरवरून काढायचा असतो, आणि तो नंबर कचऱ्याच्या डब्याखालच्या स्टिकरवर. स्टिकरवर इतकी धूळ की इंग्रजी आठाचा मी ‘बी’ वाचला. अर्धा तास त्यात गेला. व्हॅक्यूम क्लीनरच्या आतली धूळ ओल्या फडक्याने पुसताना जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

आत शिरलात की आधी बॅकअप घ्या. त्या यंत्रापुरत्याच असलेल्या किल्ल्या आणि कॅलिब्रेशनच्या फाइली गेल्या तर दुसरीकडून मिळणार नाहीत. मग डस्टबिल्डर या वेबसाइटवरून आपल्या मॉडेलसाठी बनवून घेतलेलं रूट फर्मवेअर चढवायचं, मग व्हॅलेटुडो. रविवारची दुपार गेली. दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर तासाभरात होईल.

वापरताना पहिल्या दिवशीच जाणवलं ते म्हणजे वेग. ब्राउझरमध्ये रोबोटचा आयपी टाकला की नकाशा समोर. खोलीवर बोट ठेवलं की तो निघालाच. खाते नाही, ‘आमच्या नव्या अटी मान्य करा’ नाही, ब्रश विकत घ्या म्हणून नोटिफिकेशन नाही. जुन्या रास्पबेरी पायवर (छोट्या कॉम्प्युटरवर) होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं, त्याला एमक्यूटीटीने (उपकरणांनी एकमेकांना निरोप द्यायच्या पद्धतीने) रोबोट जोडला. आम्ही दोघं घराबाहेर पडलो की दहा मिनिटांनी झाडायला लागतो, कोणी परतलं की निमूट डॉकवर. दिवाळीत दारातल्या रांगोळीभोवती नो-गो झोन आखला. पहिल्या दिवशी विसरलो होतो. ठिपक्यांची रांगोळी होती, फराटे झाले. तो दोष माझा.

एक चूक टाळा. अतिउत्साहात मी राउटरवर त्याचं इंटरनेट पूर्ण तोडलं. वेळ कुठून घेणार? वेळापत्रक कोलमडलं. आता रास्पबेरी पायच त्याला घड्याळ दाखवतो.

उणिवा आहेत, आणि व्हॅलेटुडोवाले त्या स्वतःच आधी सांगतात. नकाशा एकच ठेवता येतो, त्यामुळे दुमजली घर असेल तर विसरा. वॉरंटीवर पाणी सोडायचं. कंपनीचे अपडेट आपोआप येत नाहीत (मला हा फायदा वाटतो). घराबाहेरून चालवायचा तर घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायला आपलं व्हीपीएन हवं. माझं वायरगार्ड नावाचं व्हीपीएन आहे, पण बायकोच्या फोनवर ते चालू करायचं राहतं आणि ऑफिसमधून मला मेसेज येतो, ‘अहो, तो सोडा ना जरा.’ म्हणजे क्लाउडचं काम आता माझ्याकडे आलंय. शिवाय सगळे रोबोट यात बसत नाहीत. आधी व्हॅलेटुडोची यादी बघा, मग खरेदी करा. समोरच्या काकांनी घेतलेला कोरा रोबोट मोठ्या आशेने माझ्याकडे आणला. यादीत नव्हता, चहा पिऊन परत गेले.

सगळ्यात मजा आली ती आवाजाची. व्हॅलेटुडोतून स्वतःचा व्हॉइस पॅक घालता येतो: क्रमांक दिलेल्या लहान ऑग (आवाजाच्या) फाइली, त्यांचा टारचा गठ्ठा आणि गठ्ठा शाबूत आहे हे तपासायचा एमडीफाइव्ह हॅश. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिच्याकडून वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. ‘क्लीनिंग कंप्लीटेड’च्या जागी ‘झालं बाई एकदाचं’. चाक अडकल्यावर काय म्हणशील विचारलं, तर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘अगं, कोणीतरी उचला मला!’ तेच ठेवलं.

आई परत गेल्यावर एकदा मी खोलीत मीटिंगमध्ये, मावशी ओट्यापाशी भांडी घासत होत्या आणि रोबोट सोफ्याखाली मोज्यात अडकला. मावशी साबणाच्या हातांनीच धावत बाहेर आल्या. ‘आजी कधी आल्या? पडल्या की काय?’ सोफ्याखाली वाकून त्यांना रोबोट दिसला. तेव्हापासून त्या झाडायला घेण्याआधी त्याला उचलून खुर्चीवर ठेवतात, आणि ठेवताना ‘बसा आजी’ म्हणतात.